ध्वनिमुद्रिकांच्या अंकीय प्रती व पाठशुद्धि

जुन्या पोथीची नक्कल हातीं आली असतां तिची पारख कशी करावी, हें या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. नक्कल कोणीं केली, कोणत्या प्रतीवरून केली, नक्कलकारानें पदरचें कांहीं घातलें कीं काय, हे प्रश्न आपण सवयीनें विचारतों. उत्तरें मिळेपर्यंत नकलेवर भिस्त ठेवीत नाहीं. परंतु तेच संग्राहक जुनें गाणें ऐकतांना ही सावधगिरी विसरतात. लाखेच्या तबकडीवरील गाणें अंकीय, म्हणजे व्यवहारांत ज्याला डिजिटल म्हणतात त्या रूपांत उतरून खिशांतील यंत्रावर वाजूं लागलें, कीं तेंच अस्सल असें समजून चालतात. या समजुतीमुळें संगीताच्या इतिहासांत खोटीं विधानें शिरूं पाहत आहेत, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रस्तुत लेखकानें एकाच जुन्या तबकडीच्या दोन अंकीय प्रती शेजारीं ठेवून ऐकल्या. पहिलींत गाणें ३ मिनिटें १० सेकंद चालतें व गायकाचा षड्ज काळी एकच्या आसपास आहे. दुसरींत तेंच गाणें ३ मिनिटांत आटोपतें आणि षड्ज पांढरी दोनच्या जवळ जातो. यांत गूढ कांहीं नाहीं. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीं तबकडी फिरण्याची गति निश्चित नसे. मिनिटाला ७० पासून ८० च्या वर फेऱ्यांपर्यंत ती आढळते. ७८ हा आंकडा मागाहून रूढ झाला. ७४ फेऱ्यांनीं मुद्रित केलेली तबकडी ७८ नीं वाजविली, तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो आणि लयहि त्याच प्रमाणांत वाढते. दोन्ही प्रतींतील अंतर नेमकें एवढेंच भरतें. आतां ज्यानें केवळ दुसरी प्रत ऐकली, तो लिहून जाईल कीं या गायकाची पट्टी चढी होती व तान विलक्षण चपळ होती. ही स्तुति गायकाची नसून यंत्राच्या वेगाची होय.

मग खरी प्रत कोणती? दोहोंपैकीं एकीवरहि गतीची नोंद नाहीं. निर्णयाचें एक साधन मात्र तबकडींतच होतें. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें, तेव्हांपासून पुढें कांहीं वर्षें गाणें संपतांच गायकानें आपलें नांव उच्चारावयाचें, असा परिपाठ होता. गौहरजान तर तें इंग्रजींत उच्चारी. मूळ मुद्रणें जर्मनींतील हॅनोव्हरच्या कारखान्यांत जात, आणि तेथें कोणाचें गाणें तें ओळखतां यावें हा त्याचा हेतु होता. पोथीच्या शेवटीं जी पुष्पिका, तेंच हें. शिवाय ते शब्द साध्या बोलण्याच्या आवाजांत असल्यामुळें, तबकडी अवाजवी वेगानें फिरत असली तर त्यांवरून कानाला तत्काळ शंका येते. दुसऱ्या प्रतींत हा भाग रसभंग करणारा समजून कापून टाकला आहे. ज्यावरून चूक पकडतां आली असती, तोच पुरावा नक्कलकारानें नाहींसा केला.

दुसरा दोष खरखर काढण्याचा. ही खरखर कांहीं अंशीं लाखेंतील भुकटीची, कांहीं झिजेची, आणि पुष्कळदां चुकीच्या सुईची असते. या तबकड्यांची खांच रुंद; तिला सुमारें तीन सहस्रांश इंचाची सुई लागते. दीर्घवादन तबकडीची एक सहस्रांश इंचाची सुई लावली तर ती खांचेच्या तळाशीं घसरते आणि धूळ तेवढी वाचते. योग्य सुई न शोधतां संगणकाकडून खरखर पुसविली, कीं तिच्याबरोबर तंबोऱ्याची आस, 'स' आणि 'श' यांचे उच्चार, श्वासाचा आवाज हींहि पुसलीं जातात. वाळवीनें खाल्लेलें अक्षर कल्पनेनें भरणें एक वेळ क्षम्य. परंतु भोंवतालचीं शाबूत अक्षरें खरवडून पान स्वच्छ दिसूं लागलें म्हणून समाधान मानणें याला शुद्धि म्हणत नाहींत.

सुश्राव्य प्रत करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. मोडी कागदाचें बालबोध लिप्यंतर आपण करतोंच. पण म्हणून कागद फेकून देत नाहीं. येथेंहि प्रथम एक अस्पर्श प्रत करावी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २००९ च्या मार्गदर्शिकेंत सेकंदाला किमान ४८,००० नमुने व प्रत्येकीं २४ बिट हें प्रमाण सांगितलें आहे, तें पाळावें. मग हवी तर ऐकण्याची निराळी प्रत त्या प्रतीवरून काढावी. एमपी-३ सारख्या आटोपशीर प्रतींत टाकून दिलेला ध्वनि पुन्हां मिळत नाहीं, हें विसरूं नये. आणि प्रत्येक प्रतीस पुष्पिका जोडावी: तबकडीचा क्रमांक, लेबलाजवळ कोरलेला सांच्याचा क्रमांक, वाजविल्याची गति व ती ठरविण्याचें कारण, सुईचें माप, केलेले फेरफार, नकलेचा दिवस व करणाराचें नांव.

वि. का. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. गौहरजानचें गाणें मुद्रित झालें तें अवघ्या चार वर्षांनीं. कागदाच्या अस्सलाविषयीं जी शिस्त आपणांस तेव्हांपासून लागली, ती ध्वनीच्या अस्सलाविषयीं अद्याप लागावयाची आहे. ज्यांच्या घरीं तबकड्या आहेत, त्यांनीं नक्कल झाली म्हणून त्या रद्दींत घालूं नयेत, आणि नकलेची पुष्पिका आजच लिहून ठेवावी, इतकी विनंती करून हें टिपण पुरें करतों.