ग्रेस आता दुर्बोध राहिले नाहीत

दरवर्षी २६ मार्चला महालातल्या माझ्या ओळखीच्या पोरापोरींच्या स्टेटसवर ग्रेस येतात. संध्याकाळचं धूसर आभाळ आणि खाली दोन ओळी. २०१२ साली याच तारखेला ते गेले. नागपूरचा कवी नागपूरच्या पोरांच्या फोनवर आहे, याचा मला आनंदच आहे. खटकतं ते वेगळंच. ग्रेस कळत नाहीत, अशी तक्रार यातलं कुणीच करत नाही.

‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आला आणि ‘दुर्बोध’ हा शब्द ग्रेसना पुढे कायमचा चिकटला. पण ती तक्रार करणारा निदान कवितेत शिरून अडलेला असायचा. दोन ओळींत अडायला जागाच नाही. आवडलं, बोट सरकलं, पुढे कुणाचा तरी साखरपुडा, मग तर्री-पोहे.

ग्रेसच्या बाबतीत हे नुकसान जास्तच. आई, पाऊस, संध्याकाळ या त्यांच्या प्रतिमा एका कवितेत संपत नाहीत. आई कुठे माया असते, कुठे जखम. मागची कविता मनात राहिली असेल तरच पुढची उघडते. निकोलस कार ‘द शॅलोज’ (२०१०) या पुस्तकात हीच धास्ती मांडतो: लक्ष सारखं तुटत राहिलं, की वाचलेलं कायमच्या स्मृतीपर्यंत पोचतच नाही.

तरी सगळं खापर स्क्रीनवर फोडणं मला पटत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५४ अभ्यास एकत्र तपासले होते, वाचक १ लाख ७० हजारांहून जास्त. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजला, पण गोष्टी वाचताना तसा फरक दिसला नाही. आणि ग्रेस पुस्तकाबाहेर काही आजच पडले नाहीत. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींमुळे ते पुस्तक न उघडणाऱ्या घरांतही पोचले होतेच. पण गाणं कडव्याकडून कडव्याकडे नेतं, ध्रुवपदावर परत आणतं, पाचेक मिनिटं धरून ठेवतं. स्टेटस तेवढंही धरत नाही. तेव्हा माझं भांडण काचेशी नाही, कात्रीशी आहे.

म्हणून यंदा गल्लीतल्या एका पोरीला, तिच्या स्टेटसवर होती ती कविता मी फोनवरच अख्खी पाठवली. दुपारी तिचं उत्तर आलं, “दादा, काहीच समजून नाही राहिलं ना.”

रात्री पुन्हा एक मेसेज: “पहिल्या कडव्यातली बाई अन् शेवटची, एकच आहे का?”