सवय की परिस्थिती? : ‘द पूअर अँड देअर मनी’ची चिकित्सा

स्टुअर्ट रदरफर्ड यांचे ‘द पूअर अँड देअर मनी’ हे छोटेखानी इंग्रजी पुस्तक २००० साली दिल्लीहून प्रसिद्ध झाले. गरीब माणूस बचत करू शकत नाही, या रूढ समजुतीचे त्यात साधार खंडन केले आहे. लग्न, आजारपण, घरदुरुस्ती यांसाठी एकरकमी पैसा लागतोच. तो आधी साठवून, आधी कर्ज घेऊन मग फेडून किंवा भिशीप्रमाणे दोन्ही साधून उभा करावा लागतो. बचत आणि कर्ज ही एकाच गरजेची दोन रूपे आहेत, हे प्रतिपादन या पुस्तकाचे मोठे यश होय.

विजयवाड्याच्या झोपडपट्टीतील उदाहरण बोलके आहे. घरोघर फिरून पैसे गोळा करणाऱ्या एका स्त्रीकडे २२० दिवस रोज ५ रुपये दिले की ११०० रुपये जमतात. त्यांतील १००० ती परत करते व १०० मोबदला म्हणून ठेवते. म्हणजे गरिबाला साठवण्यासाठीही पैसे मोजावे लागतात.

येथेच पुस्तकाची मर्यादा जाणवते. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या संस्थेने १९२८ साली पिग्मी ठेव सुरू केली. तिचाही प्रतिनिधी दारी येई. परंतु मुदत पूर्ण करणाऱ्यास उलट व्याज मिळे. सवय तीच, फरक संस्थेचा. बँक कोणाच्या दारी पोहोचते, हा प्रश्न लेखकाने पुरेसा लावून धरलेला नाही.

मुस्लिम समाजाबाबत तर तो टाळताच येत नाही. व्याज निषिद्ध असल्याने हा समाज बँकेपासून दूर राहतो, असे सर्रास म्हटले जाते. काही कुटुंबांबाबत ते खरेही आहे. पण सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार, काही बँका विशिष्ट वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवून तेथे सहजी कर्ज देत नसत. शिवाय प्राधान्य क्षेत्रातील कर्जखात्यांच्या संख्येत मुस्लिमांचा जो वाटा होता, त्याहून कर्जाच्या रकमेतील वाटा बराच कमी होता. जे बँकेपर्यंत गेले, त्यांच्याही पदरी अल्प रक्कमच पडली. केवळ श्रद्धेने याचा उलगडा होत नाही.

२०१४ पासून जनधन योजनेमुळे खाती मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. तथापि खाते मिळणे म्हणजे कर्ज मिळणे नव्हे. म्हणून विद्यार्थ्यांकडून पाहणी करून घेताना ‘आपण बचत करता काय?’ एवढेच विचारून भागणार नाही. मिळकत रोजची की महिन्याची, आणि कर्ज मागितले तेव्हा कोणी नाकारले, हेही विचारावे लागेल. अन्यथा परिस्थितीचा दोष सवयीच्या माथी मारला जाईल.