विधवेची दोन नाणी : एक पुनर्वाचन

संत मार्कच्या शुभवर्तमानातील गरीब विधवेचा प्रसंग (१२ : ४१-४४) अवघ्या चार वचनांचा आहे. दानाविषयीच्या प्रवचनांत तो इतक्या वेळा येतो की त्याचे साहित्यरूप आपल्या नजरेतून निसटते. त्या रूपाकडे पाहिल्यास अर्थ अधिक खोल, आणि काहीसा अडचणीचाही, होतो.

प्रथम तपशील पाहू. मिश्ना या ज्यू ग्रंथात मंदिरातील १३ दानपेट्यांची नोंद आहे. त्यांचा आकार कर्ण्यासारखा होता. धनिकांची नाणी त्यांत खणखणत पडत असावीत. विधवेची दोन नाणी म्हणजे दिनाराचा ६४वा भाग, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. आज रोजंदारी ४०० रुपये धरली तर तिने सव्वासहा रुपये टाकले. पण नाणी दोन होती, हे विसरू नये. एक स्वतःकडे ठेवणे तिला शक्य होते. तिच्या दानासाठी मार्क ‘बिओस’ हा ग्रीक शब्द योजतो. त्यात उपजीविका आणि जीवन हे दोन्ही अर्थ आहेत. प्रभूने पाहिले ते हे अंतःकरण : हिशेब न करता स्वतःला देवाच्या स्वाधीन करणारे.

आता मागचेपुढचे पाहू. या प्रसंगाच्या लगेच आधी येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना धारेवर धरतो (१२ : ४०). लगेच नंतर त्याच मंदिराच्या विध्वंसाचे भाकीत येते (१३ : २), इ.स. ७० मध्ये ते मंदिर खरोखरच पडले. ही मांडणी योगायोगाची वाटत नाही. विधवेच्या श्रद्धेचा गौरव होतो. तिला निर्धन करणाऱ्या व्यवस्थेचा मात्र होत नाही. ‘तुम्हीही असेच करा’ असे येथे येशू म्हणत नाही. आईवडिलांच्या वाट्याचे ‘देवाला वाहिले’ म्हणून हात झटकणाऱ्यांचीही त्याने सातव्या अध्यायात कानउघाडणी केली आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्यात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४-३६). रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा हात सदैव सढळ. घरात उद्या काय शिजणार, ही चिंता मात्र लक्ष्मीबाईंची. त्या पतीला देव्हाऱ्यात बसवीत नाहीत आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करीत नाहीत. विनोदाच्या आधाराने त्या आपल्याला एवढेच दाखवतात की एकाच्या औदार्याची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणी मोजत असते. शिवाय निराधार मुलांना त्यांनी स्वतः पोटाशी धरले, म्हणून ही तक्रार कृपणाची ठरत नाही.

या दोन बाजूंचा मेळ संत पौल घालतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय ८ व ९) तो सांगतो की दान खुशीचे असावे, आणि ज्याच्याजवळ जे आहे त्या मानाने असावे. इतरांना आराम आणि तुम्हांला ओढाताण, असा हेतू नाही. पुढे तो वर्गणी नेण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेला माणूसही सोबत घेतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. शुद्ध भावनेला चोख हिशेबाचे वावडे नाही.

साखरखेर्ड्याच्या परिसराला ही शिकवण परकी वाटू नये. शेजारच्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमाच्या विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो. विशाल पंगतीत पानावर पडलेली पुरी कोणाच्या गव्हाची, हे जेवणाऱ्याला ठाऊक नसते. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, हे डोंगरावरील प्रवचनातले सूत्र कोरडवाहू मुलखातला शेतकरी असे जगतो.

म्हणून मिस्सात अर्पणाची थाळी फिरते तेव्हा तिच्याभोवती दोन प्रश्न उभे असावेत. देणाऱ्याने विचारावे : मी उरलेले देत आहे की स्वतःला? आणि घेणाऱ्याने, म्हणजे आम्हा धर्मगुरूंनीही, विचारावे : ही दोन नाणी जिने टाकली, तिच्या घरी आज चूल पेटली का? पहिला प्रश्न आम्ही वेदीवरून पुष्कळदा विचारतो. दुसरा विचारल्याशिवाय पहिला विचारण्याचा अधिकार, मार्कच्या साक्षीने, आम्हांला पोहोचत नाही.