लेकरू कुणाचं आणि रजिस्टर कुणाचं?

‘अक्करमाशी’वर आपल्यात आजवर जेवढं बोलणं झालं, ते बहुतेक सगळं बापावर झालं. पाटलानं जन्म दिला आणि नाव दिलं नाही, हा त्या पुस्तकातला उघडा घाव आहे. वाचणाऱ्याचा हात आधी तिथंच जातो. तो जायलाच पाहिजे. पण दोस्तांनो, पुस्तक तेवढ्यावर संपत नाही. लेकरू सांभाळलं कुणी, कुणाच्या हातातून ते काढून घेतलं गेलं, आणि ते कुणाचं हे ठरवायचा अधिकार कुणी आपल्याकडं घेतला, हाही त्या पुस्तकाचा सवाल आहे. आपल्या समीक्षेनं तो धरलेला मला दिसला नाही. मी काही प्राध्यापक नाही. लातूरला डाळमिलमध्ये पाळी करतो आणि मिळेल ते वाचतो. तरी हे लिहितोय, कारण हा सवाल आज आपल्या वस्तीच्या बैठकीत येऊन बसलाय, आणि आपण त्याला जुनंच उत्तर देतोय.

आधी पुस्तक बघू. शरणकुमार लिंबाळे यांचं हे आत्मकथन १९८४ साली आलं. गाव हन्नूर, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर.  मसामाई ही आई, संतामाई ही आजी. मसामाईचं लग्न झालेलं होतं, लेकरं झालेली होती. पाटलाची नजर पडली, बोभाटा झाला, नवऱ्यानं काडीमोड घेतला आणि त्या लग्नाची लेकरं तिच्यापासून तुटली. पुढं पाटलापासून शरण झाला. त्याला मात्र बापाच्या वाड्याचं दार बंद. वाढवलं ते आजीनं आणि आजीबरोबर राहणाऱ्या महमूद दस्तगीर जमादार या मुसलमान म्हाताऱ्यानं. 

आता हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्या लेकरांना बापाचं घर मागत होतं, ती मायच्या हातातून गेली. ज्याला बापाचं घर विचारत नव्हतं, ते तिच्या पदरात राहिलं. दोन्ही वेळा निर्णय बापाच्या घरानं घेतला. मसामाईला कुणी इचारलं न्हाई. आपण तिच्यावरच्या अन्यायाबद्दल बोलतो तेव्हा पाटलाबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण पहिली लेकरं तोडली ती पाटलाच्या वाड्यानं नव्हे, आपल्याच माणसांच्या रीतीनं. ह्या जागी आपली समीक्षा गप्प बसते.

मग येतं शाळेचं रजिस्टर. बापाचं नाव काय? हेडमास्तरनं पाटलाचं नाव लावलं. पाटील धमकवायला आला, पण हेडमास्तर हलला नाही. त्या मास्तरला मी मानतो. तरी त्या रजिस्टरात मायच्या नावाला रकानाच नव्हता, हे विसरून कसं चालेल? लिंबाळे यांचा जन्म १९५६ चा. त्याच वर्षी ‘हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम’ झाला. त्याच्या कलम ६ मध्ये लिहिलंय की लग्नाबाहेर जन्मलेल्या लेकराची पहिली पालक आई, तिच्यानंतर बाप. म्हणजे कायद्याच्या कागदावर मसामाई पालक होती आणि शाळेच्या कागदावर ती कुणीच नव्हती. गावाचं रजिस्टर दिल्लीच्या कायद्याच्या किती मागं चालतं, ह्याचा हा पुरावा आपल्याच साहित्यात पडलेला आहे.

हा कायदा कुठून आला हेही आपल्याला माहीत पाहिजे. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचं रान केलं, ते अडवलं गेलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढं त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. लग्नाचा १९५५ ला, वारसाचा, पालकत्वाचा आणि दत्तकाचा १९५६ ला. पालकत्वाचा कायदा २५ ऑगस्ट १९५६ चा, आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा. आपण बौद्ध झालो तरी हा कायदा आपल्याला लागू आहे, कलम ३ मध्ये बौद्धांचं नाव स्पष्ट आहे. त्यात कमी आहेच. लग्नातल्या लेकराला पहिला पालक बाप, ‘त्याच्यानंतर’ आई, असं तो म्हणतो. ह्या ‘त्याच्यानंतर’चा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, तो हजर नसेल किंवा लक्ष देत नसेल तरीही आईच पालक, हे सांगायला सुप्रीम कोर्टाला १९९९ साल उजाडलं. पण त्याच कायद्यात कलम १३ आहे. लेकराचं कल्याण सगळ्यात वर, असं ते सांगतं. आणि कलम ६ मध्ये लग्न न झालेल्या लेकराला आई-बापाशिवाय तिसरं कुणी नैसर्गिक पालक नाही. आजा नाही, चुलता नाही, भावकी नाही.

आता ‘अक्करमाशी’च्या बरोबर उलटी गोष्ट सांगतो. आपल्या नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या तेलुगू मुलखातला हा खटला. नवरा २००६ मध्ये वारला तेव्हा लेकरू अडीच महिन्यांचं. बाईनं २००७ मध्ये दुसरं लग्न केलं. २००८ मध्ये सासू-सासरे कोर्टात गेले, पालक आम्हाला नेमा म्हणून. ती मागणी टिकली नाही. मग भांडण आडनावावर आलं. हायकोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं की पोराला पहिल्या बापाचंच आडनाव लावा, आणि दुसऱ्या नवऱ्याचं नाव लावायचंच तर ‘सावत्र बाप’ म्हणून लावा. सुप्रीम कोर्टानं २८ जुलै २०२२ ला हे रद्द केलं. बाप गेल्यावर आईच नैसर्गिक पालक, लेकराचं आडनाव तीच ठरवणार, आणि कागदावर ‘सावत्र’ लिहायला लावणं हे लेकराच्या मनाला जवळजवळ क्रूरपणाचं आहे, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

एका पोराला आडनाव मिळू नये म्हणून पाटील शाळेत जातो. दुसऱ्या पोराच्या अंगावरून आडनाव निघू नये म्हणून आजा-आजी चौदा वर्षं कोर्टात जातात. हत्यार एकच, रजिस्टरातलं नाव. एकीकडं ते नाकारून मारतात, दुसरीकडं लादून बांधतात. ह्या दोन कागदांना एकत्र वाचल्याशिवाय आपल्याला नावाचं राजकारण कळणार नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकराच्या नावात आधी आईचं, मग बापाचं नाव लावायचा नियम झालाय. रकाना आला, चांगलं झालं. पण रकाना आला म्हणून घरातला शब्द चालायला लागतो असं नाही.

ह्यावरून कुणी म्हणेल, हा आजीच्या विरोधात लिहितोय. अजिबात नाही. संतामाई नसती तर ते पुस्तकच नसतं. खुद्द बाबासाहेबांची आई भीमाबाई गेली तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते, त्यांना जपलं ते आत्यानं, मीराबाईनं. आपल्या उदगीरकडच्या प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चं. आई-बाप गेलेलं पोर बहिणीच्या घरी कसं वाढतं, ताटातला घास कसा मोजला जातो, ते त्यात आहे. गरिबाच्या घरात लेकरू नेहमीच दोन-तीन हातांवर वाढतं. माय-बाप उसाला, वीटभट्टीला, मिलला जातात, आणि म्हातारी चूल आणि पोर दोन्ही राखते. तिचा जीव लागतो तो खोटा नसतो.

कोर्टानंही हे ओळखलंय. २०१० मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं लेकरू आईच्या बापाजवळच राहू दिलं. आई बाळंतपणानंतर वारली होती, बापानं दुसरं लग्न केलं होतं, आणि जन्मापासून सांभाळ आजोळानं केला होता. बाप नैसर्गिक पालक आहे हे खरं, पण तेवढ्यानं लेकरू त्याच्या ताब्यात जात नाही, असं तिथं ठरलं, आणि बापाला भेटीची सवलत दिली. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं पाच वर्षांच्या नातवाला आजीकडून घेऊन आई-बापाकडं द्यायला सांगितलं. जिव्हाळा आहे म्हणून आजीचा हक्क जन्मदात्यांच्या वर जात नाही, असं म्हटलं. वरवर बघितलं तर दोन निकाल एकमेकांच्या उलट आहेत. पण दोन्हीकडं कोर्टाला एकच गोष्ट तपासावी लागली, लेकराचं भलं कुठं. म्हातारा जिंकला की बाप जिंकला, हे त्यानंतरचं.

आता आपल्या बैठकीकडं येतो. नांदेड जिल्ह्यातलं एक खेडं. तिथला एक हमाल लातूरच्या एका मिलमध्ये पोत्यांची थप्पी अंगावर येऊन मेला. बायको तेवीस वर्षांची, पोरगं चार वर्षांचं. दोघं लातूरला कामाला असल्यामुळं पोरगं आधीपासून आजीजवळच असायचं. दीड वर्षानं बाईनं दुसरं लग्न केलं आणि पोराला न्यायला गावात आली. म्हातारीनं पोराला आतल्या खोलीत नेलं. मग विहारात बैठक बसली. मी मयताच्या ओळखीचा म्हणून गेलो होतो.

बैठकीत पहिला शब्द आला तो ‘वंश’. पोरगं आमच्या वंशाचं, ती दुसऱ्याच्या घरात गेली, तिचा संबंध संपला. दुसरा शब्द आला ‘रक्त’. हे बोलणारे गावचे पाटील नव्हते. छातीला बाबासाहेबांचा बिल्ला लावलेली आपलीच माणसं होती, आणि मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी उभा राहिलो. म्हणालो, दादा, १९२७ च्या डिसेंबरात महाडला जे पुस्तक जाळलं, त्यातला हा शब्द आहे. बाई म्हणजे शेत आणि लेकरू म्हणजे शेतवाल्याचं पीक, असा त्याचा हिशोब आहे. तो विहारात कामून बोलताय? एक वडीलधारे म्हणाले, “तू पोरगा आहेस, बस खाली.” मी म्हणालो, “बसतो. पण लेकराला इचारलं का?” ते म्हणाले, “सहा वर्षांच्या लेकराला काय कळतंय?” 

कळतंय तेवढं तरी ऐकायला पाहिजे. १८९० चा इंग्रजांच्या काळचा ‘पालक व पाल्य अधिनियम’सुद्धा सांगतो की लेकरू समजण्याएवढं असेल तर त्याची इच्छा बघता येईल. आणि बाईनं दुसरं लग्न केलं एवढ्यावरून तिचा ताबा नाकारता येत नाही. आपल्यात तर पाट लावायची रीत जुनी, तिचा आपल्याला अभिमान. मग बाईनं पाट लावला की तिचं लेकरू जप्त, ही कुठली रीत?

आणि वंश-रक्त बोलून झाल्यावर हळूच तिसरी गोष्ट येते. पैसा. कामावर मेलेल्या मजुराची भरपाई. लेकरू ज्याच्याजवळ, त्याच्याजवळ पैसा, असा समज आहे. कायद्यानं ही रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडं जमा व्हायला पाहिजे, आणि लहान लेकराचा वाटा त्याच्याच नावानं गुंतवून ठेवता येतो. हे बैठकीत सुरुवातीलाच सांगितलं तर निम्मं भांडण उघडं पडतं. उरतं ते खरं दुःख. म्हातारीचा लेक गेलाय, नातवाच्या तोंडात ती लेकाचं तोंड बघते. तिकडं त्या पोरीचा नवरा गेलाय, आता लेकरूही जातंय. ह्या दोन बायांना समोरासमोर बसवून बोलू द्यायचं सोडून आपण गडीमाणसं वंशावर भाषणं करत होतो.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. पोरगं अजून आजीजवळ आहे, बाई कोर्टात गेलीय. वकिलाला पैसे नाहीत म्हणून ती अडली होती. दोस्तांनो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये बाईला, लेकराला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्याची समिती असते. हा कागद आपल्या किती कार्यकर्त्यांच्या खिशात आहे?

मूळ मुद्दा समीक्षेचा होता, त्यावर येतो. आपल्या कवितेत माय लई आहे. फाटक्या लुगड्याची, शेणगोठ्याची, उपाशी राहून पोराला भाकर देणारी. तिच्यावर आपण टाळ्या घेतो. ती देते, देते आणि मरते. पण ‘माझं लेकरू मला द्या’ म्हणून पंचासमोर उभी राहणारी, दुसरं लग्न केलेली, हट्टी माय आपल्या कवितेत मला सापडत नाही. आजीचंही तसंच, ती सुरकुत्यांची एक तसबीर होऊन बसते. आणि ज्याच्यावरून एवढं भांडण, ते लेकरू कवितेत फक्त रडतं, बोलत नाही. जी माय आपण कवितेत उभी राहू देत नाही, तिला आपण बैठकीतही बसवूनच ठेवतो. कवितेतली चूक आणि बैठकीतली चूक एकच आहे, म्हणून मी ह्याला समीक्षेचा प्रश्न म्हणतो.

विद्रोह गावकुसाच्या आत जाऊन करायचा असतो तसा आपल्या ओट्यावरही करायचा असतो. ‘अक्करमाशी’ पुन्हा वाचा, ह्या वेळी मसामाईच्या तुटलेल्या लेकरांपासून सुरुवात करा. त्यातून आपल्या बैठकांसाठी जी शिस्त निघते ती सांगतो. बैठक बसली की वंश, रक्त, आडनाव हे शब्द काढू द्यायचे नाहीत. आधी विचारायचं, लेकरू कुठं झोपतं, शाळेत कोण सोडतं, तापानं फणफणलं तर रात्री कोण जागतं, मायला भेटायला रडतं का, आजीला सोडताना रडतं का. ही उत्तरं वहीत लिहायची. पैशाची बाब वेगळ्या पानावर. मग ते लेकरू कुणाजवळ राहणार आणि दुसऱ्याला कधी भेटणार, दोन्ही एकाच दिवशी ठरवायचं, आणि ते पटलं नाही तर बाईला किंवा म्हातारीला, जिला पाहिजे तिला, कोर्टाच्या समितीपर्यंत आपणच पोचवायचं. येत्या पौर्णिमेला त्याच विहारात परत बसायचं ठरलंय. ज्यांना यायचं त्यांनी यावं, येताना एक कोरी वही आणावी.