ग्रिसवोल्डच्या तव्याची पाठ

ग्रिसवोल्डचा आठ नंबरचा तवा हाती आला, तर आधी तो पालथा घालावा. उभ्या काठाचा, आखूड दांड्याचा हा बिडाचा तवा, अमेरिकन लोकांचा स्किलेट. त्याचं खरं वाचन पाठीवरच आहे. मधोमध एकात एक अशी दोन वर्तुळं, आत क्रॉस, आणि क्रॉसवर ठसठशीत अक्षरांत ग्रिसवोल्ड. खाली गावाचं नाव, पेनसिल्व्हेनियातलं ईरी, आणि ७०४ हा आकडा. हा पॅटर्नचा नंबर, म्हणजे वाळूत साचा उठवण्यासाठी वापरलेल्या नमुन्याची ओळख.

दांड्यावरचा ८ मात्र फसवा. तो इंचांचा नाही, लाकडावर चालणाऱ्या बिडाच्या शेगडीच्या तोंडाचा नंबर आहे. तवा भरतो साडेदहा इंचांच्या आसपास. शेगडीवरचं गोल झाकण काढायचं आणि त्या तोंडावर तवा ठेवायचा. जुन्या तव्यांच्या पाठीवर कडेने फिरलेली बारीक उठावदार रिंग त्याच काळाची. गॅस आणि विजेच्या सपाट शेगड्या आल्या तशी रिंगची गरज संपली. पाठ गुळगुळीत झाली, नंबर तेवढा राहिला.

आता तवा सुलटा करा आणि आत बोट फिरवा. खडबडीतपणा औषधालाही सापडत नाही. ओतकाम निघाल्यावर आतली बाजू घासून गुळगुळीत करत. तिरप्या उजेडात धरलं तर त्या घासणीच्या गोल रेषा अजून दिसतात. भिंत पातळ, त्यामुळे तवा बिडाच्या मानाने हलका. तेल पाजून मुरलेल्या अशा तव्यावरून अंडं सुळकन सुटतं. दोन्ही बाजूंना ओतायची चोच आहे, तीही उगाच नाही: डावखुऱ्यालाही चरबी सरळ ओतता येते. माझ्या मते ग्रिसवोल्डची थोरवी त्या सुबक क्रॉसपेक्षा या पातळ भिंतीत जास्त आहे.

कंपनी सुरू झाली १८६५ साली, सेल्डन आणि ग्रिसवोल्ड या दोन घराण्यांच्या भागीदारीत. सुरुवातीचा माल म्हणजे बिजागऱ्या आणि तसलंच किरकोळ लोखंडी सामान. ओहायोतल्या सिडनी गावी वॅग्नर बंधूंनी १८९१ साली कारखाना काढला, आणि ईरीला तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाला. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्गला १८९६ साली जोसेफ लॉजने ब्लॅकलॉक नावाची ओतशाळा उभारली. ती १९१० साली जळाली; त्याने ती लॉज या नावाने पुन्हा बांधली.

यांतला लॉजच आज त्याच गावात, त्याच घराण्याकडे टिकून आहे. त्याने साचेकाम यंत्रांवर नेलं. त्याचा नेहमीचा तवा जाड, आतून वाळूचा दाणेदार पोत तसाच ठेवलेला. २००२ पासून तो तेल मुरवून तयारच विकला जातो. देखणेपणात ईरीपुढे उणाच, पण स्वस्त, दणकट आणि दुकानात हजर.

ईरीची ओतशाळा १९५७ साली बंद पडली. नाव विकलं गेलं आणि हातोहाती जाऊन पोचलं थेट वॅग्नरच्या सिडनीत. तिथल्या तव्यांवरही क्रॉस आणि ग्रिसवोल्ड आहे, गावाचं नाव नाही. तेव्हा जुना तवा विकत घेताना नुसता क्रॉस बघून पैसे मोजू नका. त्याच्याखाली ईरी आहे का, ते बघा.