लिलावाची भाकिते

प्रो कबड्डीच्या लिलावापूर्वीची भाकिते दोन प्रश्न कालवतात : बोली कोणाला लागेल, आणि कोण चांगला खेळेल. चंदगडचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाला ३६.४ लाखांत मिळाला. चढाईत २१८ गुण मिळवताच २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले. किंमत चौपट, नव्या हंगामातले गुण मात्र जवळजवळ तेवढेच! अमेरिकी फुटबॉलचा टॉम ब्रॅडीही २००० साली १९९ वा निवडला गेला होता.

भाकितकार ‘मोठी नावे बरोबर आली’ म्हणतात. गेल्या वर्षीची गुणयादी उतरवूनही तेवढे जमते. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या शिक्षकांनी शालेय संघाच्या निवडचाचणीआधी मुलांची भाकिते पाकिटात बंद करावीत, सोबत गतवर्षीचा संघ ठेवावा आणि कोणती यादी अधिक जुळते ते मोजावे.