हंटर कोणाच्या हातात?

माझे वडील गिरणीत रिंगखात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त होता. पण त्या काळी तिथे आमच्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आमची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. अशा माझ्या वडिलांच्या तोंडी चित्रपटातल्या एकाच बाईचे नाव असे, हंटरवाली. पोरवयात चालत ग्रँट रोडला जाऊन, पिटात बसून तिला पाहिल्याची हकिगत ते पन्नास वेळा तरी सांगत. कमरेचा पट्टा काढून हवेत फिरवीत. आई भाकरी थापता थापता ऐके. एकदा ती म्हणाली, "ती बाई हाणून-मारून घरी जात होती. आपली बाई हाणून कुठं जाणार?"

मी तेव्हा कॉलेजात होतो. हसलो. पुढे एका चर्चासत्रात नाडियाचा विषय निघाला, तेव्हा 'गोऱ्या कातडीचा बाजार' एवढ्या तीन शब्दांत मी तिला निकालात काढले आणि टाळ्या घेतल्या. वडिलांचा आनंद आणि आईचा प्रश्न, दोन्ही मी ऐकूनही ऐकले नव्हते. ती चूक दुरुस्त करण्यासाठी हे लिहीत आहे.

नाडियाचे खरे नाव मेरी इव्हान्स. १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे तिचा जन्म झाला. बाप ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक. लहानपणीच ती मुंबईत आली. पहिल्या महायुद्धात बाप मारला गेला. पुढे पेशावरकडे ती घोड्यावर बसायला आणि बंदूक चालवायला शिकली. १९२८ मध्ये पुन्हा मुंबई. पदरात एक मूल. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये विक्रेतीची नोकरी, मग नाचाचे शिक्षण, मग झारको सर्कस. म्हणजे गोरी असली तरी ती साहेबाच्या बंगल्यातली मड्डम नव्हती. अंगमेहनतीवर पोट भरणारी बाई होती. हे मी चर्चासत्रात सांगितले नव्हते.

जमशेट आणि होमी या वाडियाबंधूंनी १९३३ मध्ये परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हीटोन सुरू केली. तिथे नाडियाला आधी गुलाम मुलीची लहान भूमिका मिळाली आणि १९३५ च्या जूनमध्ये ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात 'हंटरवाली' लागला. दुष्ट प्रधानाविरुद्ध बुरखा घालून लढणारी राजकन्या माधुरी. ती छपरावरून उडी घेते, घोडा फेकते, गडी उचलून आपटते आणि हे सारे स्वतः करते. वितरकांना हा चित्रपट चालेल असे वाटत नव्हते. तो पंचवीस आठवड्यांवर चालला. तिच्या नावाचे चाबूक आणि पट्टे बाजारात आले. 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६) मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर लढली, 'जंगल प्रिन्सेस' (१९४२) मध्ये सिंहांसमोर उभी राहिली. 'डायमंड क्वीन' (१९४०) मध्ये तिच्या तोंडी स्त्रीस्वातंत्र्याची भाषा होती. जमशेट वाडिया मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे होते, हे इथे लक्षात ठेवावे.

आमच्या पांढरपेशा समीक्षकांनी हे चित्रपट समीक्षेच्या लायकीचे मानले नाहीत. प्रभातचे आणि न्यू थिएटर्सचे चित्रपट ती कला. स्टंटपट म्हणजे पिटातल्या लोकांची करमणूक. या निवाड्यात चित्रपटापेक्षा पिटाची किंमत केली गेली होती. दलित साहित्य आले तेव्हा 'याला साहित्य म्हणावे काय?' असे विचारणारी वृत्ती हीच. ज्याला दिवसभर मुकादमासमोर मान खाली घालावी लागते, त्याला रात्री एका बाईने प्रधानाला फटके मारलेले पाहून जे वाटते, तोही सौंदर्यानुभवच आहे. माझ्या वडिलांना तो आला होता. त्यांच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता, पट्टा होता.

परंतु येथेच थांबलो तर आईचा प्रश्न तसाच राहतो.

ज्या परळात नाडिया चाबूक चालवीत होती, त्याच परळात बाबासाहेब अनेक वर्षे चाळीत राहिले होते. 'हंटरवाली' लागला त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पुढच्या जूनमध्ये परळच्याच दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणी यांच्यापुढे ते बोलले. हे लाजिरवाणे जिणे टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायांना त्यांनी हे का सांगितले? कला वाईट म्हणून नव्हे. त्या बायांचे अंग त्यांचे नव्हते म्हणून. देवाच्या नावाने आणि जातीच्या नेमाने ते आधीच गावाला देऊन टाकलेले होते. नाडियाने आपले अंग धोक्यात घातले ते आपल्या मर्जीने आणि मोबदला घेऊन. धाडस दोन्हीकडे आहे, मालकी एकीकडेच आहे.

याच १९३५ साली विठाबाई नारायणगावकर जन्मल्या. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात त्या वाढल्या. गळा, पाय, अभिनय, तिन्ही असामान्य. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचल्या, मध्येच मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. हा प्रसंग महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. नाडियाची कोणतीही उडी यापुढे लहान आहे. पण तिच्या धाडसाला 'फिअरलेस' हे बिरूद मिळाले आणि विठाबाईंच्या धाडसाला 'तमासगिरीण' हाच शब्द राहिला. राष्ट्रपतींचे पदक त्यांना मिळाले. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा मात्र आर्थिक विवंचनेत होत्या.

कोणी म्हणेल, तमाशा वेगळा आणि चित्रपट वेगळा. मग चित्रपटाचेच पाहू. नाडियाच्या थोडे आधी त्रिवेंद्रमला जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन' या मूकपटात पी. के. रोझी या पुलया जातीच्या मुलीने नायर स्त्रीची भूमिका केली. तिने कोणाला चाबूक मारला नव्हता. फक्त वरच्या जातीची बाई म्हणून ती पडद्यावर दिसली. सवर्ण जमावाने तिला गावातून पळवून लावले. तिला नाव टाकून दुसऱ्या मुलखात उरलेले आयुष्य काढावे लागले. गोऱ्या मेरीने राजकन्या होऊन प्रधानाला झोडपले तेव्हा लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, कारण ती वर्णाच्या शिडीबाहेरची होती. तिच्या चाबकाने शिडीची एकही पायरी हलत नव्हती. रोझीच्या नुसत्या उभे राहण्याने हलली. आपली बाई हाणून कुठे जाणार, याचे उत्तर रोझीच्या आयुष्यात आहे. ती हाणल्याशिवायच परागंदा झाली.

आणि जातीने नाडियालाही पूर्णपणे मोकळे सोडले नाही. होमी वाडिया आणि ती इतकी वर्षे सोबत होती. घरून विरोध होता, कारण ती पारशी नव्हती. लग्न झाले ते १९६१ मध्ये. पडद्यावर सिंहाला न भ्यालेली बाई सजातीय विवाहाच्या भिंतीपुढे पाव शतक थांबली. विवाहबंदी हे जातीचे मर्म आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच मांडले होते. ती भिंत केवळ हिंदूंच्या अंगणात नाही, हे आपण या प्रकरणातून शिकले पाहिजे.

आणखी एक गोष्ट १९३५ मध्ये घडली. 'धूप छाँव' या चित्रपटात पार्श्वगायन आले. गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा. पुढे पडणारे अंगही तिसऱ्याचे झाले. नाडियाच्या वेळी उडी, मार आणि नाव एकाच बाईचे होते. 'शोले' (१९७५) मध्ये टांगा पळवणारी बसंती पाहताना आपण हेमा मालिनीचे नाव घेतो. उलटलेल्या टांग्याखाली जखमी झालेल्या रेश्मा पठाण या होत्या. गरीब मुसलमान घरातली ही बाई पोटासाठी पोरवयात या धंद्यात आली. तिच्यावर चित्रपट निघाला तो २०१९ मध्ये. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिले की जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. चित्रपटधंद्यातही धोका खालच्याला आणि मान वरच्याला, अशीच वाटणी आहे. तिथे पायऱ्यांना नावे वेगळी आहेत इतकेच.

म्हणून नाडियाला मी आता नाकारत नाही. १९९६ मध्ये ती मुंबईतच वारली. एका कष्टकरी बाईने स्वतःच्या अंगाच्या बळावर आपले नाव मिळवले, ही गोष्ट मोठी आहे. माझ्या वडिलांनी तिच्यात जे पाहिले ते खोटे नव्हते. पण तिला 'भारतीय स्त्रीमुक्तीची पहिली नायिका' म्हणून जे आज मिरवतात, त्यांना माझा एकच प्रश्न आहे. हंटर हातात घ्यायची मुभा कोणाला होती, हे तुम्ही पाहिले काय?

आपल्या विद्यार्थ्यांनी हे काम करावे. फडातल्या, सर्कशीतल्या, डोंबाऱ्याच्या दोरीवरच्या, स्टुडिओतल्या डुप्लिकेट बायांच्या हकिगती त्यांच्याच तोंडून लिहून घ्याव्यात. त्या बाया हयात आहेत तोवर. माझ्या आईचे मी काहीच लिहून घेतले नाही. तिचा तेवढा एक प्रश्न माझ्यापाशी राहिला, तोही भाकरी थापता थापता विचारलेला.